दुसरा पिंगळा

उंबरमाळी, बुधवार, जानेवारी १९९८. दिवेलागण.

आज मी पिंगळ्याचा आवाज काढला. दुसरं काय करणार होतो?

बाबा गेल्यापासून आईचं एकच. सागावरची पिंगळ्यांची, त्या छोट्या घुबडांची, जोडी बोलली की मगच घास घेते. परवापासून एकच ओरडतोय. "दुसरा नाय बोलत रे," म्हणते आणि भिंतीकडे तोंड फिरवते. पेज तशीच निवते. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर काही खरं नाही.

म्हणून गोठ्यामागे गेलो, तोंडाशी ओंजळ धरली आणि घुमलो. ऊव्-ऊव्. सागावरून लगेच उत्तर आलं. घरात आलो तर आई म्हणाली, "आली बग जोडी," आणि वाटीभर पेज प्याली.

मला बरं वाटायला हवं होतं. पण सागावरचा तो एकटा आला ना! मुठीएवढ्या डोक्याचा, पांढऱ्या पायांचा तो एवढासा जीव गोठ्याच्या आढ्यावर येऊन बसला. पिवळे डोळे मोठे करून, शेपटी हलवत, मी जिथे उभा होतो तिथेच बघतोय. ऊव्-ऊव् करतो. थांबतो. पुन्हा करतो.

अजून तिथेच आहे. उद्या आईला जेवायला घालायचं आहे. उद्या हा पुन्हा येणार.