डावीकडचा लाल दिवा

लालबाग, शनिवार दुपार

प्रिय जयवंत,

मोबाईलवर बोलले असते, पण तू "ताई, सोड ना आता" म्हणून माझं तोंड बंद केलं असतंस. दूध-किराण्यापलीकडे मी वहीत काही लिहीत नाही. हे कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागे लिहितेय, म्हणून अक्षर बारीक आहे. चष्मा लावून वाच.

काल ऋता आली होती. तुझी पोर माझ्याकडे आली की बडबडत बसते, काल नुसता कप फिरवत राहिली. चहा गार झाल्यावर म्हणाली, बंदरावर पप्पांना आंधळा तांडेल म्हणतात. तू होडी बांधून घरी बसलायस, जेवताना ताटाकडेही बघत नाहीस, हेही तिनेच सांगितलं. तुझ्या होडीशी टक्कर झालेल्या दुसऱ्या होडीवरच्या मनूचा पाय अजून प्लॅस्टरमध्ये आहे, हेही. मी तिच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली.

तुला आठवतं, बाबा वरळीच्या आपल्या गल्लीत अंधार पडला की मला होडी करायचे? माझ्या डाव्या वेणीला लाल रिबीन, उजव्या वेणीला हिरवी, हातात वर धरलेला कंदील. तू पलीकडच्या टोकाकडून दुसरी होडी होऊन यायचास. तुला लाल दिसली तर तू बाजूला व्हायचं, हिरवी दिसली तर मी. एकदा रिबिनी सोडून मी नुसता कंदील घेऊन आले आणि तू सरळ माझ्या अंगावर आलास. माझ्या कपाळाला खोक पडली. बाबा मला म्हणाले, "त्याचं काय चुकलं गो? नुसता पांढरा दिसला म्हणजे होडी नांगरावर उभी आहे, असंच कुणीही समजणार." ती खोक अजून आहे. रोज कुंकू लावताना बोटाला लागते. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही.

नारळी पौर्णिमेला मी होडीची ओटी भरायला आले. दुकानात देवीची झिरझिरीत ओढणी होती, ती न घेता मी घरात पडून असलेला जाड खण आणला. म्हटलं, उगाच पैसे कशाला. खणात नारळ बांधला आणि गाठोडं केबिनच्या डाव्या अंगाला, लाल दिव्याच्या पट्टीला सुतळीने लटकवलं. लहानपणी आपण त्याला देवीचा दिवा म्हणायचो ना. तू लगेच म्हणालास, "ताई, दिवा झाकतोय गो." मी म्हटलं, पाच दिवस ओटीला हात लावलास तर तुला माझी शपथ. तू हसलास, "तुझ्या देवीला पण लायसन काढायला लावतील." पण हात लावला नाहीस. मी मोठी बहीण, माझं ऐकलंस.

तिसऱ्या रात्री तुझ्या डाव्या अंगाने येणाऱ्या मनूला तुझा फक्त वरचा पांढरा दिवा दिसला. त्याने तेच समजलं, जे बाबा म्हणाले होते, आणि दोन्ही होड्या एकमेकींवर आदळल्या.

दुसऱ्या दिवशी तू पिशवी घेऊन लालबागला आलास. खण खाऱ्या पाण्याने कडक झालेला, आणि मधोमध दिव्याच्या काचेएवढा करपलेला गोल. तू एवढंच म्हणालास, "ठेव. मच्छीमार सोसायटीत मी सांगितलंय, दिवा लावायला विसरलो." मी विचारलंही नाही, असं का सांगितलंस. मी तुला पाणी दिलं, पिशवी देवघरात फळीच्या मागे सरकवली आणि संध्याकाळी तिथेच हात जोडून तुझ्यासाठी जप केला. जयवंत, महिनाभर मी देवीपुढे बसले ते तिच्याशी डोळे न मिळवता. तिने काही मागितलं नव्हतं. शपथ माझी होती. तुझ्या भावोजींनी एकदा विचारलं, फळीमागे काय गं आहे? म्हटलं, जुनं निर्माल्य. देवघरात उभी राहून खोटं बोलले.

ऋताने सांगितलं, सोमवारी सकाळी सोसायटीची सभा आहे, तुला पुन्हा तांडेल म्हणून समुद्रात जाऊ द्यायचं की नाही ते ठरवायला. आणि तू सभेला जाणारसुद्धा नाहीस, ते म्हणतील ते मान्य करणारेस. म्हणून हे पत्र. ऋता ते तुला सोमवारी दहा वाजता देईल, आधी नाही, तसं तिच्याकडून फोनवर कबूल करून घेतलंय; उद्या ती पत्र न्यायला येतेय. तू वाचत असशील तेव्हा मी तो करपलेला खण घेऊन सभेत बसलेली असेन. आधी मनूच्या घरी जाईन, त्याच्या बायकोच्या तोंडून जे यायचं ते माझ्या अंगावर घेईन. मला अडवायला धावत येऊ नकोस. यायचंच असेल तर होडीवर जा, डावीकडच्या दिव्याची काच पूस. त्या पट्टीला नारळाची सुतळी अजून गुंडाळलेली असेल. मी बांधलेली आहे, पण ती तू कापून टाक. माझी शपथ सुटली.

तुझीच,
सुभद्राताई