पहिला विमानतळ कोणता?

बेलापूर, १० जाने. ७१
चार मोठ्या विमानतळांची तुलना संपली. कोण आपल्या धावपट्टीतून नि माणसांतून जास्त काम काढतो, एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न. सरांनी मनात पहिला धरलेला मुंबईचा तिसरा आला. आता पुण्याला जाऊन सांगायचं कसं...

१७ जाने.
सर म्हणाले, "सुनंदाबाई, आकडेमोड चुकली असेल." कॉलेजातलं हिशेबाचं यंत्र घरी आणलं. मी आकडे सांगायचे, यांनी हँडल फिरवायचं. गुरांच्या दवाखान्यातून दमून आलेले, तरी बसले. उत्तर तेच.

३१ जाने.
सरांचा नवा प्रश्न : "एक तरी विमानतळ पाहिलाय का तुम्ही?" आजवर विमान पाहिलं ते उसावरून जाताना, लांबून. हे म्हणाले, मुंबईला जाऊन ये. सासूबाईंनी लगेच ठेवणीतलं लुगडं काढलं. "मी बी येते. येकटी कशी जाशील?"

१४ फेब्रु.
काल दिवसभर सांताक्रूझला, विमानतळाच्या गॅलरीत. सासूबाई प्रत्येक विमानाला हात करत होत्या. देशातलं लहान विमान उतरलं, माणसं भरली, गेलं. परदेशी मोठं मात्र जागचं हलेना. तेल, जेवणं, झाडलोट, पेट्याच पेट्या. आणि प्रबंधात मी दोन्ही एकेक विमान म्हणून मोजलेली. बसल्या जागी हसू आलं.
"काय झालं गं?"
"आत्या, मी बैल नि वासरू एकाच भावात लावलेत."
"मंग मोड की सौदा."

२८ फेब्रु.
मोठं विमान हिशेबात एकाहून जास्त धरलं, म्हणजे त्याला जास्त वजन दिलं. परदेशी मोठी विमानं मुंबईलाच जास्त, म्हणून तिसरा वर सरकला. वजन थोडं वाढवलं की पहिला, कमी केलं की दुसरा. खरं वजन किती, कुणास ठाऊक. सर खूश. "पहिला येतो तेच घ्या." म्हटलं, दोन्ही उत्तरं देते. सर चहा ढवळत म्हणाले, "परीक्षक सोलून काढतील." मग हळूच, "लिहा."

१८ जुलै
उद्या पुण्याला तोंडी परीक्षा. सकाळची एस.टी. धाकधूक आहे, तरी मजाही वाटतेय. सासूबाई दशम्या बांधत होत्या.
"मंग कोन आला पैला?"
"ठरत नाही, आत्या."
"त्यात काय ठरवायचं? आपन पाह्यला त्यो पैला. सांग त्येंला, माझी सासू म्हनती."