ताडणारीची जागा

दिनांक २७ नोव्हेंबर, गुरुवार
दुपारचे साडेतीन

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. बघ, सगळं पूर्ण लिहिलं. अक्षरापुढे टिंब देऊन माणसाला उरकून टाकू नये, असं तू म्हणायचीस आणि मी मुद्दाम तुझ्या वाढदिवसाच्या पत्रावरसुद्धा 'सा. न. वि. वि.' लिहायचे.

तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तुझ्या भाचीने फोनवर सांगितलं. कडेकडेचं तेवढं दिसतं, मधलं सगळं धुरकट. म्हणजे हे पत्र तीच तुला वाचून दाखवणार. पोरी, ऐक. विरामचिन्हांसकट वाच. पुढे एक वाक्य असं आहे की ते तुझ्या तोंडून निघणार नाही. तेही वाच. गाळू नकोस.

ऑफिसचं म्हणशील तर चालू आहे. लिफ्ट अजून बंदच, चार जिने चढता चढता अशील आपला दावा काय होता तेच विसरतात. तुझ्या टेबलावर आता छपाईचं यंत्र ठेवलंय. मी मान वर केली की समोर ते दिसतं. साहेब अजून प्रत्येक वाक्यात दोनदा 'च' घालतात आणि आपण तो काढला की तिसऱ्या जागी परत घालतात. नवी वकील मुलगी हुशार आहे, पण परवा तिने करारात 'आणि/किंवा' लिहिलं. माझ्या तोंडून तुझंच वाक्य गेलं, "एक कुठलं तरी लग्न लाव बाई, हा तिरका दांडा कशाला मध्ये?" ती हसली. मला मात्र नंतर काम सुचेना.

उद्या माझा शेवटचा दिवस. म्हणून ड्रॉवर आवरायला घेतला तर शब्दकोशात टाचणी लावलेल्या दोन चिठ्ठ्या सापडल्या. एक तुझ्या अक्षरातली, एक माझ्या. घड्याळजींच्या मृत्युपत्रातल्या.

ते कोण, हे भाचीला ठाऊक नसेल. सहा वर्षांपूर्वी एक वयस्कर घड्याळ दुरुस्त करणारे आपल्याकडे मृत्युपत्र करायला आले होते. बोलताना सवयीने एक डोळा बारीक करायचे. घर मुलाला द्यायचं होतं. एकच अट होती, आणि ती त्यांनी बोटाने टेबलावर ठोकून सांगितली होती, "माझी बहीण आहे तोवर मागची खोली तिची. तिला कुणी ऊठ म्हणायचं नाही."

एवढंच वाक्य. आणि आपण त्यावर आठ दिवस भांडलो.

तू लिहिलंस, 'सदरहू भगिनीस तिच्या हयातीपर्यंत मागील खोलीत वास्तव्य करण्याचा अधिकार राहील.' मी लिहिलं, 'माझी बहीण जिवंत असेपर्यंत मागच्या खोलीत राहील. तिला तिथून कोणीही काढू शकणार नाही.' उगाच नाही ऑफिसात तुला 'सदरहू' म्हणत आणि मला 'कात्री'. तू म्हणायचीस, कायद्याच्या वाक्याला वजन लागतं, नाहीतर वाऱ्यावर उडतं. मी म्हणायचे, ज्या बाईसाठी लिहायचं तिलाच कळलं नाही तर ते वजन काय डोक्यावर घ्यायचंय? दोन्ही वाक्यं दोन चिठ्ठ्यांवर लिहून आपण कच्च्या प्रतीला टाचली होती, आणि रोज सकाळी दोघी आपापली चिठ्ठी वर करून ठेवायचो. सगळं ऑफिस मजा बघायचं. पहिले काही दिवस आपल्यालाही मजाच वाटत होती.

शुक्रवारी मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

नाही, लिहिते. टायपिस्टबाईंसमोर मी म्हटलं, "पोटी पोर नाही ना, म्हणून शब्द कवटाळून बसतेस." पोरी, हे तुझ्यासमोर बसलेल्या बाईला मी म्हटलं. जिने तुला चार वर्षांची असल्यापासून वाढवलं, तुझ्या वह्यांना कव्हरं घालायला जी ऑफिसातून अर्धा तास लवकर निघायची आणि मीच तिची बाजू साहेबांपुढे सांभाळायचे. सगळं ठाऊक असून म्हटलं. हातात तेवढाच दगड होता, तो मारला.

ताई, तू पट्टी टेबलावर आडवी ठेवलीस आणि पर्स घेऊन गेलीस.

भाचीला त्या पट्टीचंही सांगायला हवं. आमच्याकडे पक्की प्रत तयार झाली की दोघींनी मिळून ताडून बघायची रीत होती. एकीने कच्च्या प्रतीवरून मोठ्याने वाचायचं, दुसरीने पक्क्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. पूर्णविराम आला की वाचणारीने पट्टीने टेबलावर एकदा टकटकवायचं, नवा परिच्छेद आला की दोनदा. मग वाचनचिठ्ठीवर दोघींच्या सह्या, 'वाचणारी' आणि 'ताडणारी'. सव्वीस वर्षांत एक कागद त्याशिवाय बाहेर गेला नव्हता. साहेब पाहुण्यांना आमची टकटक ऐकवायचे.

तू गेल्यावर मी रागारागाने त्या दोन्ही चिठ्ठ्या प्रतीवरून उपटल्या. आता सोमवारी मीच काय ते ठरवते म्हटलं, आणि शब्दकोशात खुपसून घरी गेले. शनिवारी टायपिस्टबाई कामावर आल्या. त्यांनी समोर होतं तेवढं टाइप केलं. त्यांचा काडीचा दोष नाही.

सोमवारी पक्की प्रत माझ्या टेबलावर होती. घड्याळजी बाराला यायचे होते. तू आलीस, बसलीस, दिवा लावलास, माझ्याकडे बघितलं नाहीस. मी म्हणायला हवं होतं, ताई, चुकले, ये, वाचूया. ते जिभेवर आलं नाही. मी एकटीने पक्की प्रत मनात वाचली. कच्ची उघडलीच नाही. वाचताना कुठेच ठेच लागली नाही, कारण जे नसतं त्याला ठेच कशी लागणार? आठ दिवस ती दोन वाक्यं माझ्या डोक्यात इतकी भांडत होती की ती कागदावर असणारच, असं मी धरून चालले; शुक्रवारी आपणच त्या चिठ्ठ्या उपटल्या हे त्या वेळी आठवलंच नाही. वाचनचिठ्ठीवर 'वाचणारी'पुढे माझी सही केली. आणि 'ताडणारी'पुढे तुझी. तुझी ती वेलांटी मला डोळे मिटून जमायची.

घड्याळजी साक्षीदारांना घेऊन आले. पेन हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "बहिणीचं आलं ना त्यात?"

मी म्हटलं, "आलं."

"तुम्ही दोघींनी वाचलंय ना, मग झालं," म्हणाले, आणि सही केली.

चार महिन्यांनी ते गेले. मुलाने महिनाभर कळ काढली आणि मग आत्याला सांगितलं की खोली लागणार आहे. तो काही राक्षस नव्हता. "कागदात असतं तर मी ब्र काढला नसता," असं तो आपल्या ऑफिसात येऊन म्हणाला, ते तू ऐकलंस.

साहेबांनी फाइल मागवली. वाचनचिठ्ठी तुझ्यापुढे धरली, कारण पक्क्या प्रतीवर बोट ठेवणारी तू. गळलेलं तुला दिसायला हवं होतं. मी तिथेच खुर्चीमागे उभी होते. तू चिठ्ठी बघितलीस. मग कच्ची प्रत मागितलीस, आणि तिच्या समासातल्या टाचणीच्या भोकांवरून अंगठा फिरवलास. एकदा माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "हो, सही माझीच आहे."

का म्हणालीस गं? सहा वर्षं मी हे विचारते आहे, आणि उत्तर मला ठाऊक आहे. माझे यजमान तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. माझी नोकरी गेली असती तर घरात काय राहिलं असतं, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. महिनाअखेरीस तू राजीनामा दिलास. सव्वीस वर्षांच्या कामाचं एका ओळीत झालं, 'ताडण्यात कसूर'. तू ते वाक्यसुद्धा दुरुस्त केलं नाहीस. मी तुला निरोप द्यायला जिन्यापर्यंत आले नाही. पाण्याच्या यंत्रापाशी उभी राहून ग्लास भरत राहिले, पाणी पायावर सांडेपर्यंत.

यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर गप्प बसायला मला काही कारणही उरलं नव्हतं. तरी बसले. तेव्हा वर मी 'चिठ्ठ्या सापडल्या' असं लिहिलं आहे, ते खोडते. सापडल्या नाहीत. त्या कुठे आहेत हे मला चौकशीच्या दिवसापासून माहीत होतं. शब्द बघायला मी सहा वर्षं शेजारच्या टेबलावरचा कोश मागून आणत होते.

गेल्या महिन्यात धीर करून घड्याळजींच्या बहिणीला भेटायला गेले. गावाबाहेर एक आश्रम आहे. लांब खोली, चार खाटा, प्रत्येक खाटेखाली एक पत्र्याची पेटी. शेवटच्या खाटेवर दुसरीच बाई वेणी घालत बसली होती. त्या आजी एप्रिलमध्येच गेल्या. तिथली परिचारिका म्हणाली, "त्रास काही नव्हता हो त्यांचा. फक्त संध्याकाळ झाली की पेटी उचलायच्या. म्हणायच्या, माझी खोली मागे आहे, मला तिकडून सोडा."

परतीच्या वाटेवर बसमध्ये मी ती दोन्ही वाक्यं म्हणून बघितली. तुझं आणि माझं. आपल्या दोघींपैकी कुणाचंही एक छापलं गेलं असतं तरी त्या बाईला ती पेटी उचलावी लागली नसती. सदरहू चाललं असतं ताई. अगदी छान चाललं असतं.

आज सकाळी मी साहेबांना लेखी निवेदन दिलं. चिठ्ठ्या मी काढल्या, कच्ची प्रत उघडली नाही, तुझी सही मी केली, घड्याळजींना 'आलं' असं मी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

"बाई, आता कशाला? उद्या तुमचा निरोप समारंभ आहे. ती म्हातारीही गेली म्हणता."

"तिच्यासाठी उशीर झाला. जिच्या नावाला ठपका लागलाय ती आहे अजून."

"दुसऱ्याची सही केलीत, हे लेखी देताय तुम्ही. काय होऊ शकतं ते मी तुम्हाला सांगायला हवं का? आणि माझ्या ऑफिसचं नाव?"

"तुमच्या ऑफिसचं नाव सव्वीस वर्षं तिनेच राखलं होतं," म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण बाहेर टाइपिंग थांबलं. आवक क्रमांक पडून शिक्का बसेपर्यंत मी जागची हलले नाही. निवेदनाची एक प्रत घड्याळजींच्या मुलालाही पाठवली आहे. तासाभराने फळ्यावर बघितलं तर माझ्या निरोपाची नोटीस काढून टाकली होती. टाचण्यांची भोकं तेवढी होती. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण झोप मात्र आज लागेल असं वाटतं.

सोबत निवेदनाच्या दोन प्रती जोडल्या आहेत. कच्ची माझ्या हातची, पक्की टाइप केलेली. त्यात मी एकही 'करण्यात आले' लिहिलेलं नाही. जे केलं ते 'मी केले' असंच आहे. पोरी, तू कच्चीवरून मोठ्याने वाच. ताईला पक्कीवर बोट ठेवता येणार नाही, पण तिचा कान डोळ्यापेक्षा तिखट आहे, ती ऐकून सांगेल. पट्टी घरात असेल तर घे. पूर्णविरामाला एकदा, परिच्छेदाला दोनदा.

ताई, क्षमा माग म्हणून हे लिहायला मला कुणी सांगितलं नाही, आणि कर असं मी म्हणणार नाही. त्या शुक्रवारच्या वाक्याला तर क्षमा नाहीच. तुझी आठवण रोज येते. मान वर केली की येते. काही गळलं असेल, कुठे मी स्वतःला वाचवलं असेल, तर तांबड्याने खूण करायला सांग. तुझा शब्द असेल तो ठेवीन, कितीही लांब असला तरी.

खाली वाचनचिठ्ठी आखली आहे. माझ्या नावापुढे सही केली आहे. दुसरी जागा मी भरलेली नाही. ती तुझी आहे. भरलीस तरी तुझी, कोरी ठेवलीस तरी तुझी.

वाचणारी : तुझी कात्री

ताडणारी :