मल्लव्वा बरी झाली म्हणे

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
दुबलगुंडी, ता. १७ फेब्रुवारी २०२५

चि. गुरुबसवास शैलश्रीअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू ‘बघतो अक्का’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला.

हुमनाबादला दर तीन महिन्यांनी होणारं मुलांच्या मेंदूच्या तपासणीचं शिबिर आता वर्षातून एकदाच होणार, असं नर्सबाईंनी सांगितलं. कारण काय, तर तुझ्या बेंगळूरच्या संस्थेचा अहवाल! अकरा हजार मुलांची माहिती संगणकात घातली आणि निघालं काय, तर आपल्याकडच्या मुलांच्या डोक्यातलं पाणी काढायला बसवलेली नळी फारशी तुंबतच नाही. वा रे शहाणे! मग दोन वर्षांपूर्वी आमच्या चैत्राची तुंबली, ती काय स्वप्नात? शिबिरातल्या डॉक्टरांनी डोळे तपासून ओळखलं आणि त्याच दिवशी कलबुर्गीला पाठवलं, म्हणून पोर आज माझा पदर ओढत उभी आहे. वर्षभर थांबलो असतो तर काय झालं असतं, ते माझ्याच्यानं लिहवत नाही. सासूबाई विचारायल्यात, एवढ्या पोरांत आपलीच पोर कामून दिसली न्हाई म्हणून.

पेढे खायला मामा पुढे असतो. आता तुमच्या आकड्यांत भाची शोध.

रागावले आहे, पण माया आटलेली नाही, हे जाणून असावे.

तुझी अक्का


बेंगळूर, ता. ३ मार्च २०२५

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

खरं सांगतो, पत्र वाचून आधी रागच आला. अकरा हजारांत एक पोर सुटली तर काय बिघडलं, असं आमच्या संस्थेच्या साहेबांसारखं मीही म्हणालो. मग शोधायला बसलो. चैत्रा सापडली: दुबलगुंडी, वय तीन, पहिलीच शस्त्रक्रिया. पहिलीच कशी? पहिली तर ती तीन महिन्यांची असताना बिदरला झाली, तू बाळंतपणाला माहेरी राजेश्वरला होतीस तेव्हा.

बारसं सासरी व्हायचं राहिलं होतं, म्हणून आपण तिला पणजीच्या नावानं मल्लव्वा म्हणायचो. केसपेपरवर तेच नाव, गाव राजेश्वर, पालक म्हणून आपले अप्पा. तीही नोंद सापडली, पण वेगळीच पोर म्हणून. पुढे लिहिलंय, परत आली नाही, सबब यशस्वी. अक्का, तो केसपेपर मीच भरला होता. फोन नंबरही माझाच आहे.

परवानगी काढून आपल्या दोन जिल्ह्यांतली, परत न आलेली एक्केचाळीस तान्ही बाळं शोधली आणि फोन लावले. सतरा घरी लागले. नऊ बाळांची नळी तुंबून दुसरीकडे, दुसऱ्या नावानं, पुन्हा शस्त्रक्रिया झालेली. दोन बाळं गेली. तीही ‘यशस्वी’तच होती.

यादी साहेबांच्या टेबलावर आपटली. अहवाल मागे घेतलाय. मंगळवारी, १८ तारखेला, शिबिर होईल.

चुकलो. कान धर, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा गुरुबसव


दुबलगुंडी, ता. १९ मार्च २०२५

चि. गुरुबसवास अनेक आशीर्वाद.

काल शिबिर झालं. चैत्राची नळी ठीक आहे. नोंदणीच्या टेबलावरची मुलगी एकच नाव लिहा म्हणत होती. मी माहेरचं नाव-गावही लिहून घेतल्याशिवाय हलले नाही. मागच्या बायकांनाही तेच करायला लावलं. मुलगी वैतागली, वैतागू दे.

तुझ्यावरचा राग गेला नाही अजून, पण मामा म्हणून नाव काढलंस. आता एकच काम कर. त्या दोन बाळांच्या आयांना पुन्हा फोन लाव. घरात कोणत्या नावानं हाक मारायचे ते विचार, आणि ते नाव लिही. त्यांच्या पुढचं ‘यशस्वी’ मात्र दुसऱ्या कुणाला खोडायला सांगू नकोस. तू खोड.

तुझ्यावर जीव असलेली,
अक्का