कठडा आपलाच होता

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पनवेलात अजून कुणीतरी भेटतं आणि म्हणतं, तुझी आई वेडी होती, तोंड मिटून बसली असती तर खाणावळ वाचली असती. परवा एका लग्नात पुन्हा ऐकलं. भरलं ताट तसंच ठेवून उठले.

दारूबंदीची ती वर्षं. एसटी स्टँडजवळ आपली खाणावळ, वर मुक्कामाच्या दोन खोल्या, पुढे लाकडी सज्जा. बाबांच्या मागे तू एकटी सगळं चालवत होतीस. भर दुपारी तो कापडाचा फिरता विक्रेता जेवून वर गेला, सज्ज्याच्या कठड्याला टेकला आणि कठड्यासकट खाली अंगणात आला. मी धावत येते तो तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, हाताला अजून कणीक. त्याचा पाय कायमचा अधू झाला, फिरतीची नोकरी गेली, आणि त्याने आपल्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला.

आपले वकील स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत म्हणाले, "वहिनी, तो प्यायलेला होता एवढंच म्हणा. दारूबंदीत पिणाऱ्याला तुरुंग आहे, त्या भीतीने तोच दावा मागे घेईल."

मामा म्हणाला, "ताई, पोरीकडे बघ आणि म्हणून टाक."

"माझ्याकडे तो ताक प्यायला," तू म्हणालीस. "त्याला तुरुंगात घालून उद्या मी कुणाला कुठल्या तोंडाने जेवायला वाढू?"

कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं, कठडा हलतो हे ठाऊक होतं का? आपले वकील मान हलवून खुणा करत होते. तू त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "होतं. सुताराला निरोप दिला होता, तो आला नाही. पण खोली बंद न करता माणूस ठेवून घेतला, तो मीच."

आपण हरलो. खाणावळीसकट घर विकावं लागलं. मामाने येणं सोडलं. भाड्याच्या खोलीत तू मला बजावलंस, "मास्तरीण हो. दुसऱ्याचा जीव सांभाळायचा धंदा करू नकोस."

नाही ऐकलं. तू गेल्यावर शाळेतली नोकरी सोडली आणि त्याच स्टँडसमोर लॉज काढलं. वकील बदललेत, सल्ला तोच आहे. मध्यंतरी एक म्हातारे पाहुणे न्हाणीघरात घसरले, तर माझा मुलगा म्हणतो, "त्यांना आधीपासून चक्कर येत होती असं लिहून घेऊ." मी म्हटलं, "फरशी बुळबुळीत होती. तसंच सांगायचं. जमत नसेल तर गल्ल्यावर बसू नकोस." तो बरेच दिवस बोलला नाही. नाही तर नाही. उद्या दावा लागून लॉज गेलं तर जाईल. ज्याला आपण या, बसा म्हटलं, त्याच्यावरच उलटायचं हे मी असेपर्यंत होणार नाही. तुला वेडी म्हणणाऱ्यांनी मलाही खुशाल म्हणावं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक कबूल करते. लॉज उघडलं त्या दिवशी तू असतीस, तर दारातच माझ्याशी कडाकडा भांडली असतीस. लोक हार घेऊन येत होते, आणि मी दिवसभर त्या भांडणाची वाट बघत होते.