रंगावर जाऊ नका

मी, प्रयोगशाळेत मासे मोजणारी, चिंगीची आई, हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. उद्या सकाळी पोटाचं ऑपरेशन आहे आणि डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत नाहीत.

एक. मी राहते ती खोली वडिलांनी माझ्या नावावर केली होती. ती चिंगीची. पोर मोठी होईपर्यंत माझ्या ताईने राखावी.

दोन. चिंगी ताईकडे राहील. पुन्हा लिहिते, ताईकडे.

कारण असं. पोर सावळी निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात असं काळं कुणी नाही. कुणाचं आहे ते विचार तिला." नवऱ्याने विचारलंसुद्धा नाही, पिशवी भरून आईकडे गेला. तीन वर्षं पोरीचं तोंड बघितलं नाही. माझं दुखणं कळलं तशा परवा सासूबाई वॉर्डात हजर. "नाक बघ, अगदी आमचंच! आमची पोर आम्हीच सांभाळू. खोलीची चावी कुठे असते गं?"

मीही एकदा रंगावर गेले होते. दोन जातींचे मासे, सख्ख्या भावांसारखे, एक पिवळा, एक करडा. औषधात ठेवले की रंग उडतो हे माहीत नव्हतं. चाळीस बरण्यांत सरमिसळ केली. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, रंग आज आहे उद्या नाही. पाठीचे काटे मोज. पिवळ्याला दहा, करड्याला अकरा." तरी ज्यांची शंका राहिली त्यांच्या मांसाचा रस जेलीच्या वडीत घालून वीज सोडली. दोन्ही जातींचे निळे पट्टे वेगवेगळ्या जागी उठले. चाळीस बरण्या मी परत लावल्या.

तीन. भिंग माझं, ते चिंगीला. चिमटा प्रयोगशाळेचा, परत द्या.

चार. सासूबाई म्हणतील, रक्त तपासा. खुशाल तपासा, पोर त्यांच्याच मुलाची आहे. पण ताई, तपासणीचा कागद आला तरी चिंगीला त्यांच्या हाती देऊ नकोस. रंग बघून टाकली, आता खोली बघून उचलतायत.

पाच. मी परत आले तर हा कागद फाडा. नाही आले तर, ताई, चिंगीला दहापर्यंत मोजता येतं. अकरा तू शिकव.

माझी सही.
साक्षीदार: बरण्या धुणाऱ्या मावशी (अंगठा), शेजारच्या खाटेवरची शिवणकामवाली (सही).
ठिकाण: बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट.
चौदा तारीख, सोमवार, दुपार.