बाण कुठल्या बाजूला

४ फेब्रु. ९६, मुनिरका, दिल्ली
अलवरकडची चुनखडीची खाण. सुजाताताई (आत्याची मुलगी, इथे भूशास्त्रात पीएच.डी. करते) दगड गोळा करते, मी पोती वाहतो. नोकरी शोधायला आलो होतो, असो. भिंतीला चिरोट्यासारखे पापुद्रे, मधेच अर्ध्या कोबीसारखे फुगवटे. समुद्रातलं शेवाळ म्हणे. इथे समुद्र!

नियम एकच: फोडण्याआधी दगडावर वरच्या दिशेचा बाण काढायचा. मार्कर माझ्या खिशात, आणि मी मोरामागे. तेवढ्यात मजूर ओरडले, "मॅडम हटो, बारूद लगा है!" ताईने शेवटचे पाच तसेच, बाणाशिवाय फोडून पोत्यात भरले.

७ फेब्रु.
ताई गच्चीवर त्याच पाचांवर लाल बाण काढत होती.
"कळलं कसं?"
"अंदाजाने."
फुगवटेवाले सोपे, फुगवटा वर. हे पाच नुसते सपाट. आणि तिथले थर उलथलेत का, हाच तर तिचा प्रबंध!
"बिनबाणाचा दगड म्हणजे फरशी, पम्या. मार्चमध्ये फेलोशिप संपते. मग अमरावतीला बाबांच्या ओळखीच्या शाळेत भूगोल."
मार्कर माझ्याच खिशात होता.

११ फेब्रु.
एकटाच परत गेलो, त्याच जागचे नवे आणावेत म्हणून. भिंतच नाही. खाणीचा मुनशी म्हणाला, "सब गुडगाँव गया भाईसाब, कोठियों के नीचे." येताना गुडगावला उतरून नमुना-फ्लॅट बघत बसलो, नळाला गरम पाणी यार. घरी पोचायला उशीर.
ताईला सांगितलं. मग, "म्हणजे आता कुणी तपासू शकत नाही."
हे ती मला म्हणाली की स्वतःला?

१४ फेब्रु.
ताईचे गाइड, सर, चहाला आले. पुण्याचे, आवाज मऊ. सपाट दगड हातात घेऊन उलटा केला, परत सुलटा.
"बाण खाणीतच काढलास ना?"
"हो सर."
"तू होतास ना रे सोबत?"
"होतो." तेवढंच. खरंच आहे ते.
सर म्हणाले, "शुक्रवारी तिघं जाऊ. जागा दाखवा मला."
भिंत गेल्याचं ताई बोलली नाही. मीही नाही.
ते गेल्यावर ताई म्हणाली, "तू येऊ नकोस."
"येणार."
"आणि विचारलं तर?" चिडून नाही, खरंच विचारत होती.
मी कप विसळत राहिलो.
आत्ता बघतो तर खालच्या ढाबेवाल्याला शुक्रवारचे पराठे सांगून आलीये. तिघांचे.